निवेदन दिलं, फोटो काढला. पण हरकत कुणी घेतली?

बोर्ली पंचतनमध्ये आम्हा काही शिक्षकांना शाळेच्या कामाबरोबर आणखी एक काम कायमचं चिकटलेलं आहे. अर्ज लिहून देण्याचं. असरच्या नमाजनंतर कुणी ना कुणी कोरा कागद आणि घड्या पडलेली सात-बाराची झेरॉक्स घेऊन दारात उभं असतं. "मास्तर, जरा चांगल्या मराठीत लिवून द्या, सायबाला समजलं पायजे." कब्रस्तानाच्या वाटेवर दिवा नाही. गटार तुंबलंय. शेजाऱ्याने गडगा हातभर पुढे सरकवलाय. मुलगा कुवेतहून पैसे पाठवतो, पण घराच्या परवानगीचं काही होत नाही. आम्ही लिहून देतो. खाली सह्या होतात, अंगठे होतात. मग जमातीचे चार जिम्मेदार लोक गाडी करून श्रीवर्धनला नाहीतर थेट अलिबागला जातात, साहेबांच्या हातात कागद देतात, फोटो काढतात. संध्याकाळी तो फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो. "निवेदन देण्यात आले."

आणि बहुतेक वेळा प्रकरण तिथेच संपतं.

हे आज लिहायचं कारण असं की गेल्या डिसेंबरात, २ तारखेला, राज्यातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी मतदान झालं आणि २१ तारखेला निकाल लागले. आपल्या रायगडात श्रीवर्धन, मुरुड-जंजिरा, अलिबाग, पेण, उरण, रोहा, महाड, खोपोली, कर्जत आणि माथेरान अशा दहा नगरपरिषदा आहेत. ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकल्याने राज्यातल्या कितीतरी नगरपरिषदांवर तीन-चार वर्षं प्रशासक बसलेले होते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं तेव्हा कुठे गाडी हलली. आता पुन्हा नगराध्यक्ष आहेत, नगरसेवक आहेत, विषयपत्रिका निघताहेत, सभा होताहेत. साहजिकच निवेदनांचा पाऊस सुरू झालाय. पण या कागदांचं पुढे होतं काय, कुठला कागद कायद्याने वजनदार आणि कुठला नुसता कागद, हे आपल्या जमातींमध्ये फार थोड्यांना ठाऊक आहे. आम्हालाही ते उशिरा कळलं, आणि दुसऱ्याचं नुकसान झाल्यावर कळलं.

ती गोष्ट आधी सांगतो. जवळच्या एका गावातल्या विधवा बाईंच्या नारळी-पोफळीच्या वाडीकडे जाणारी वाट शेजाऱ्याने चिरे रचून बंद केली. त्यांना आम्हीच अर्ज लिहून दिला. एक ग्रामपंचायतीला, एक पोलिसांना, एक लोकप्रतिनिधींना. प्रत्येक ठिकाणी गोड बोलणं झालं. "बघतो", "सांगतो", "माणूस पाठवतो". आठ महिने गेले. मग एका वकिलाने सांगितलं की शेतजमिनीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा लावता येतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ती मुदत आमच्या सुंदर मराठीतल्या तीन अर्जांमध्ये संपून गेली होती. आता दिवाणी कोर्ट, म्हणजे वर्षं. बाईंनी आम्हाला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं.

निवेदन आणि हरकत

निवेदन म्हणजे विनंती. ते घेणाऱ्याने वाचलं पाहिजे, उत्तर दिलं पाहिजे अशी अपेक्षा असते, पण त्यावर सुनावणी घ्यायलाच हवी असं सहसा बंधन नसतं. हरकत ही वेगळी चीज आहे. कायद्याने मागवलेली, ठरलेल्या मुदतीत दिलेली, आणि जिच्यावर सुनावणी द्यावी लागते ती हरकत. गंमत बघा, हे सगळे शब्द अरबी-फारसीतूनच मराठीत आलेले. अर्ज, तक्रार, हरकत, मुदत, दाखला. उर्दूत 'हरकत' म्हणजे हालचाल, आणि 'हरकत में बरकत' हे आपण घराघरांत ऐकत वाढलो. मराठीत त्याच शब्दाचा अर्थ आक्षेप झाला. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या आम्हाला कधी कधी वाटतं की आपल्या लोकांनी या शब्दाचे दोन्ही अर्थ सोडून दिलेत.

नगरपरिषदेने निवेदनावर काय करायचं याचं एक उत्तम उदाहरण अकोला जिल्ह्यातल्या पातूरचं आहे. तिथल्या नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीच्या खाली उर्दूतही नाव होतं. नगरपरिषद स्थापन झाली १९५६ मध्ये, तेव्हापासून उर्दूचा वापर चालत आलेला. एका माजी नगरसेविकेने अर्ज केला की कारभार मराठीत चालतो, पाटीवर उर्दू नको. फेब्रुवारी २०२० मध्ये नगरपरिषदेच्या सभेत हा अर्ज चर्चेला आला आणि बहुमताने फेटाळला गेला. रीतसर ठराव झाला.

पुढे प्रकरण कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ मधलं हे कलम नगरपरिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी रोखण्याबद्दल आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी डिसेंबर २०२० मध्ये अर्जदाराच्या बाजूने आदेश दिला. नगरपरिषदेच्या सदस्यांनी अमरावतीच्या विभागीय आयुक्तांकडे दाद मागितली आणि एप्रिल २०२१ मध्ये तो आदेश रद्द झाला. मग उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ, मग सर्वोच्च न्यायालय. मधल्या काळात २०२२ मध्ये स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेचा नवा कायदा आला, त्यामुळे पुन्हा फेरी. शेवटी १५ एप्रिल २०२५ रोजी न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांच्या खंडपीठाने निकाल दिला की मराठीसोबत उर्दू वापरायला या कायद्याची मनाई नाही. भाषा म्हणजे धर्म नव्हे, ती लोकांची आणि प्रदेशाची असते, असंही न्यायालयाने सांगितलं.

या निकालाचं आपल्याकडे स्वागत झालं ते उर्दूसाठी. मुशायऱ्यांत उल्लेख झाले, शाळांत पेढे वाटले गेले. आम्हीही खूश झालो, खोटं कशाला बोला. पण आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते जिची फार चर्चा झाली नाही. पाच वर्षं सगळ्या पायऱ्यांवर जे टिकलं ते होतं फेब्रुवारी २०२० चं एक पान, म्हणजे पातूर नगरपरिषदेचा ठराव. विषय सभेपुढे आला, मतं पडली, इतिवृत्तात नोंद झाली. त्या दिवशी सभागृहात "अध्यक्षांनी पाहून घ्यावे" असा मोघम शेरा पडून विषय बाजूला गेला असता तर पुढे वरच्या कोर्टात दाखवायला काय राहिलं असतं? ज्या नगरसेवकांनी हात वर केला त्यांनी निवेदन दिलेलं नव्हतं. ते आपल्या जागेवर बसून मत देत होते. आणि त्या जागेवर बसण्यासाठी त्यांना सगळ्या शहराने निवडून दिलं होतं.

रंगवलेला नकाशा

पाटीचं भांडण डोळ्यांना दिसतं. नकाशाचं दिसत नाही. नगरपरिषदेच्या हातात जी सगळ्यात मोठी ताकद आहे ती विकास आराखड्याची, आणि तिथेच आपण सगळ्यात जास्त झोपलेले असतो.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे नगरपरिषद आधी आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. मग सध्या कुठल्या जमिनीवर काय आहे त्याचा भूवापर नकाशा बनतो. त्यावरून प्रारूप आराखडा. पिवळा रंग राहण्याचा, हिरवा शेतीचा, निळा व्यापाराचा, आणि मधेच आरक्षणं: शाळा, बाग, रस्ता, दफनभूमी. तो कलम २६ खाली प्रसिद्ध होतो आणि नगरपरिषदेच्या क्षेत्रात हरकती-सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. त्यानंतर कलम २८ ची नियोजन समिती बसते, स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे चारपर्यंत तज्ज्ञ. हरकत घेणाऱ्याला तिथे बोलायची संधी द्यावी लागते. मग आराखडा सरकारकडे मंजुरीला जातो.

तीस दिवस. आणि आराखडा बदलायचा विषय पुन्हा येतो साधारण वीस वर्षांनी. म्हणजे आज सहावीत असलेलं पोर तोवर बापाच्या वयाचं झालेलं असतं.

मुळातली चूक बहुधा भूवापर नकाशातच होते. सर्वे करणारा माणूस येतो, जुन्या कब्रस्तानावर कोपऱ्यातल्या चार कबरी आणि बाकी गवत दिसतं, तो "मोकळी जागा" लिहितो. पुढे आराखड्यात त्या मोकळ्या जागेवरून बारा मीटरचा रस्ता जातो. कुणाचा वाईट हेतू असतोच असं नाही. आपण त्या दिवशी तिथे नसतो, एवढंच. मुंबईसारख्या शहरातही हेच झालं. २०३४ पर्यंतच्या आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला, त्यात इतक्या चुका निघाल्या आणि सुमारे ६५ हजार हरकती-सूचना अशा पडल्या की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो बाजूला ठेवून नव्याने करायला सांगितलं. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या होत्या. तो शेवटी मंजूर झाला जानेवारी २०१७ मध्ये, तोही महापालिकेच्या हातातून काढून सरकारने नेमलेल्या समितीमार्फत. हजारो हरकती म्हणजे विजय असं नाही. पण ६५ हजार कागद आवक नोंदवहीत चढले की सरकारला ऐकावं लागतं, आणि फोटोतल्या हारतुऱ्यांनी ते होत नाही.

एकदा आराखडा मंजूर झाला तरी तो दगडावरची रेघ नसतो. कलम ३७ खाली त्यात फेरबदल करता येतो. एखाद्याला शेती विभागातली जमीन रहिवासी विभागात हवी असते, तो नगरपरिषदेकडे मागणी करतो, सभेत ठराव होतो, राजपत्रात आणि वृत्तपत्रात सूचना निघते, हरकतींसाठी एक महिना, मग सरकार. कोकणात आज ज्याला जमिनीचा धंदा कळतो तो या वाटेने जातो. यात बेकायदा काही नाही. फक्त ती सूचना कुठे छापून येते ते बघा. मराठी दैनिकाच्या आतल्या पानावर, "माझे नाव बदलले आहे" आणि "शेअर सर्टिफिकेट गहाळ" यांच्या शेजारी, मुंगीएवढ्या अक्षरात. आपल्या मोहल्ल्यांत मुंबईहून उर्दू पेपर येतो, तरुण मोबाईलवर इंग्रजी बघतात. मराठी पेपरमधली ती चौकट वाचणारं घर मोहल्ल्यात एखादं.

गोवंडीचा मसला आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. मुंबईच्या पूर्व उपनगरात लोकवस्ती अफाट आणि कब्रस्तानं भरलेली. रहिवासी उच्च न्यायालयात गेले. देवनारला सध्याच्या कब्रस्तानाला लागून, रफीनगरला डम्पिंग ग्राउंडजवळ आणि आणिक भागात अशा जागांची चर्चा चालू राहिली, तारखा पडत राहिल्या. जून २०२४ मध्ये न्यायालय महापालिकेवर इतकं वैतागलं की मेलेल्यांनी आता मंगळावर जायचं का, असा सवाल मुख्य न्यायमूर्तींच्या खंडपीठाने केला. बातमी झाली, लोक हसले. आम्हाला हसू आलं नाही. कागदावर जागा असणं आणि मय्यत ठेवायला जागा असणं यात किती वर्षांचं अंतर असतं ते त्या एका प्रकरणात दिसतं.

हे अंतर का पडतं, तर आरक्षण म्हणजे मालकी नव्हे. जमीन खासगी माणसाची असते, नगरपरिषदेने ती पैसे देऊन किंवा विकास हक्क देऊन ताब्यात घ्यायची असते. कलम १२७ म्हणतं की अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालकाने खरेदीची नोटीस द्यावी, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची खरी पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप संपतं. नुसती पत्रापत्री म्हणजे पावलं नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केलेलं आहे. आता श्रीवर्धन-मुरुडसारख्या लहान नगरपरिषदेची तिजोरी डोळ्यांसमोर आणा आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्याचा मोबदला आणा. पगार आणि पाणीपुरवठ्याची बिलं भागवताना ज्यांना घाम फुटतो ते कब्रस्तानासाठी गुंठ्यांनी जमीन कुठून घेणार? त्यामुळे "आराखड्यात आपल्या दफनभूमीचं आरक्षण आलं" म्हणून मिठाई वाटणाऱ्या जमातीने त्याच दिवशी दहा वर्षांनंतरची तारीखही लिहून ठेवली पाहिजे. अंदाजपत्रकात तरतूद झाली का हे दरवर्षी विचारलं पाहिजे. आणि हो, या कलमाचा फायदा आपल्यातल्याच एखाद्या जमीनमालकालाही आहे, ज्याच्या बापाची जागा बागेच्या आरक्षणात वीस वर्षं अडकून पडलीय. त्याचा हक्क नाकारून कब्रस्तान मागणं आम्हाला दीनाच्या आणि कायद्याच्या, दोन्ही दृष्टीने पटत नाही.

आपल्या गावात काय

बोर्लीला नगरपरिषद नाही, ग्रामपंचायत आहे. बाजारपेठ शहरासारखी, दिवेआगरला जाणाऱ्या गाड्यांची रांग शहरासारखी, पण कायद्याने गाव. आमच्याकडचे काही तरुण म्हणतात नगरपंचायत झाली पाहिजे, निधी येईल. येईलही. पण दुसरी बाजू अशी की गाव नगरपंचायत झालं की ग्रामसभा जाते. आज वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्यात कुठलाही मतदार उभा राहून सरपंचाला विचारू शकतो. नगरपरिषदेच्या सभेला तुम्ही फार तर प्रेक्षक म्हणून बसू शकता, बोलू शकत नाही. जे हातात आहे ते किती वापरतो? ग्रामसभेला आपल्या मोहल्ल्यातून किती जण जातात, हे ज्याने त्याने आठवून बघावं. बायका तर विचारूच नका. पाण्याचा हंडा त्यांच्या डोक्यावर, पाण्याचा ठराव पुरुषांच्या हातात.

बांधकामाचा गोंधळ सगळ्यात मोठा आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, आणि त्याच सुमारास ग्रामविकास मंत्री हसन मुश्रीफ यांनी जाहीर केलं की ग्रामीण भागात ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर घर बांधायला नगररचनाकारांच्या परवानगीची गरज नाही. आपल्या लोकांनी त्यातले शेवटचे तीन शब्द ऐकले, "परवानगीची गरज नाही". मालकीचे कागद, परवानाधारक अभियंत्याच्या सहीचा नकाशा, ग्रामपंचायतीकडे ते सादर करणं, हे सगळं तसंच आहे हे कुणी ऐकलं नाही. आखातातली नोकरी सुटायच्या आत घर पूर्ण करायचं असतं. स्लॅब पडतो. नोटीस मागाहून येते.

आणि वर सीआरझेड. किनारा नियमन क्षेत्राची सध्याची अधिसूचना १८ जानेवारी २०१९ ची. तिच्यात ग्रामीण किनारा दोन भागांत वाटलाय. २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोक असलेला दाट भाग आणि त्याहून विरळ भाग. दाट भागात भरतीरेषेपासून ५० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई ठेवता येते, विरळ भागात ती २०० मीटर आहे. आपल्या किनाऱ्यावरची वाड्यांमध्ये पसरलेली गावं बहुतेक कुठल्या भागात बसतील हे गणित शिक्षकाने सांगायची गरज नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात छपरं उडवली, पोफळी मोडून पडल्या. ज्यांना घर पुन्हा उभं करायचं होतं त्यांच्यातल्या कितीतरी जणांना तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपलं घर ज्या जागेवर आहे तिथल्या नकाशाला एक रंग आहे.

पुढे काय येतंय ते तर समोर दिसतंय. दिघी बंदर २०२१ मध्ये अदानी समूहाकडे गेलं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने ज्या बारा औद्योगिक शहरांना मंजुरी दिली त्यात दिघीचं नाव आहे, सहा हजार एकरांवर. रेवस-रेडी सागरी महामार्गाचे खाडीपूल येताहेत. मार्च २०२४ मध्ये कोकण किनाऱ्यावरच्या सोळाशेहून अधिक गावांसाठी सरकारने सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं, त्याला रत्नागिरी-सिंधुदुर्गात विरोधही झाला. असं प्राधिकरण आलं की आराखडा अधिकारी करतात, निवडून आलेल्यांचा ठराव सल्ल्यापुरता उरतो. वसईकरांनी १९९० च्या आसपास हेच अनुभवलं. तिथे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्या धर्मगुरूच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, हजारो हरकती दाखल झाल्या, मोर्चे निघाले. आम्हाला त्यातलं एक आवडतं. ते चर्चच्या जागेसाठी भांडत नव्हते. विहिरींचं पाणी, केळीच्या बागा, तालुक्याची शेती, हा प्रश्न त्यांनी सगळ्यांचा केला. आपली निवेदनं मात्र बहुतेक कब्रस्तान, ईदगाह, उर्दू शाळा यांच्यापलीकडे जात नाहीत. ते मागायलाच हवं. पण गावचं सांडपाणी खाडीत जाताना, सुरूचं बन तुटताना आपली सही कागदावर नसेल, तर कब्रस्तानाच्या वेळी शेजारच्या आळीची सही मागायला कुठल्या तोंडाने जायचं?

आता घरातल्या कागदांबद्दल थोडं कडू. गेल्या वर्षी ६ जूनला केंद्राचं उमीद पोर्टल सुरू झालं आणि वक्फ मिळकतींची नोंद करायला सहा महिने दिले गेले. कायद्याबद्दल आमचं मत वेगळं, तो विषय वेगळा. पण त्या सहा महिन्यांत जमातींची जी धावपळ झाली तिने एक उघडं पाडलं. मशिदीची जागा कुणाच्या तरी मरहूम पणजोबांच्या नावावर, कब्रस्तानाचा नकाशा नाही, जंजिरा संस्थानाच्या काळातला मोडीतला कागद पेटीत, तो वाचणारा गावात कुणी नाही. भूवापर नकाशात कब्रस्तान चुकू नये म्हणून जे कागद लागतात ते हेच.

घरांचीही तीच कथा. सात-बारावर सोळा नावं, त्यातली पाच मरहूम, चार केपटाऊन-लंडनला. विभाग बदलायचा अर्ज करा, बांधकाम करा, मोबदला घ्या, सगळ्यांची संमती लागते. आणि बहिणींचा हिस्सा? फरायजचे हिस्से मौलाना बयानात सांगतात, आपण मान हलवतो, आणि वारसाच्या फेरफारात बहिणींची नावं लिहायची वेळ आली की "तिला कशाला त्रास" म्हणतो. उद्या दिघीच्या निमित्ताने जमिनीला भाव आला की तीच बहीण हरकत घेते, आणि मग भाऊ आमच्याकडे अर्ज लिहायला येतो. असा अर्ज लिहायला आम्ही हल्ली नकार देतो.

काही साध्या गोष्टी मात्र कुठल्याही जमातीला पुढच्या आठवड्यात करता येतील. नगरपरिषद असलेल्या गावात झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. त्या लोकसेवा हक्क कायदा, २०१५ खाली येणाऱ्या सेवा आहेत, मुदतीत नाही मिळाल्या तर अपील करता येतं. अर्जाची पोच घ्या, आवक क्रमांक आणि तारखेसकट. नुसत्या शिक्क्यावर समाधान मानू नका. एका अर्जात एकच मागणी लिहा. सभेचं इतिवृत्त माहिती अधिकारात मागा. तालुक्याला तिसऱ्या सोमवारी लोकशाही दिन असतो, जिल्ह्याला पहिल्या. आणि मराठी पेपरमधल्या जाहीर सूचना वाचायला एक पोरगी नेमा. पोरगी मुद्दाम म्हणतोय, आमच्या वर्गात त्याच जास्त लक्ष देऊन वाचतात.

आमच्या गावचा कब्रस्तानाच्या वाटेवरच्या दिव्याचा अर्ज आम्ही गेल्या महिन्यात नव्याने लिहिला. आधीचा दीड पानाचा होता, "समस्त मुस्लिम समाजाच्या भावना" वगैरे. आताचा सहा ओळींचा आहे. वाटेचा गट क्रमांक, खांबांची संख्या, ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा ही मागणी. त्याच वाटेने पुढे ज्यांच्या वाड्या आहेत त्या आगरी आणि भंडारी शेजाऱ्यांच्याही सह्या घेतल्या, त्यांनाही रात्री तिथून जावं लागतं. पोच मिळाली, क्रमांक पडला. वाट ज्या जमिनीतून जाते तिच्या सहहिस्सेदारांपैकी दोघे मुंबईला असतात. त्यांचं संमतीपत्र अजून यायचं आहे.